उजव्या हाताचा झेल

अपघाताचे दावे लढवणारा वकील गल्लीत राहत असला, की लोक त्याला बघून लंगडायला लागतात. माझ्या बाबतीत अठ्ठावीस वर्षं हेच चाललंय. न्हावी मान वाकडी करून नमस्कार करतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणाची खुर्ची करकरली, तरी सगळे माझ्याकडे बघतात. मीही काही कमी नाही. चेअरमनच्या स्कूटरला मी भर दुपारी प्लास्टर घातलंय.

ऑफिसात माझी एक खोड होती. नवा पक्षकार हात दुखतो म्हणाला, की बोलता बोलता टेबलावरचा रबरी चेंडू त्याच्या अंगावर फेकायचा. दुखरा हात झटकन वर आला, तर समजायचं, कुठेतरी पाणी मुरतंय. असे किती सोंगाडे मी दारातूनच परत पाठवले. बायको म्हणायची, एक दिवस अंगाशी येईल. मी म्हणायचो, माझ्या अंगाला सवय आहे.

मग आमच्या गल्लीतल्या टेलरताई आल्या. माझे सगळे काळे कोट त्यांच्या हातचे. त्या बसमधून उतरत असतानाच ड्रायव्हरनं गाडी पुढे काढली, ताई दांड्याला लटकल्या आणि उजव्या खांद्यातला स्नायू अर्धा फाटला. तसा रिपोर्ट होता पिशवीत. त्या पिशवीची गाठ सोडत होत्या, तेवढाही धीर मला धरवला नाही. वीस वर्षांची ओळख, काही गरज नव्हती. फेकला.

चेंडू थेट त्यांच्या चष्म्यावर जात होता. ताईंचा उजवा हात वर गेला. झेल सुरेख होता. "सापडलात, ताई," असं मी म्हणालोसुद्धा. मग त्यांचा चेहरा बघितला. नंतर त्या म्हणाल्या, जाड कापड टर्रकन फाटावं तसं आत झालं.

दुसऱ्या रिपोर्टात स्नायू पूर्ण फाटलेला. आता ऑपरेशनशिवाय कात्री हातात येणार नव्हती. डॉक्टरनं विचारलं कसं झालं, तर ताईंनी सांगितलं, फळीवरून डबा काढत होते. मला म्हणाल्या, गल्लीत तुम्हाला मान आहे, तुमचं नाव कशाला गोवायचं. मी गप्प बसलो. गप्प बसलो म्हणजे फक्त तोंडानं. त्या दिवसापासून बूड काही एका जागी टेकेना.

डॉक्टरनं तो डबा कागदावर लिहिला, आणि तो कागद टकल्याच्या हाती लागला. टकल्या म्हणजे बसवाल्यांच्या विम्याचा वकील, माझा रोजचा चहाचा सोबती. त्याचा डाव सरळ होता. हात वर न्यायचा नाही असं डॉक्टरनं बजावलं असताना बाईंनी डबा काढला, म्हणजे पुढचं नुकसान त्यांचं त्यांनी करून घेतलं. ऑपरेशनचा खर्च आम्ही देणार नाही.

सुनावणीच्या सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात मी तीन बाकं बदलली. जिन्याच्या पायऱ्या दोनदा मोजल्या, दोन्ही वेळा वेगळ्या भरल्या. माझी भाची माझ्याच हाताखाली वकिली शिकते. ती म्हणाली, "मामा, बसा हो. बाकांनाही चक्कर येईल."

मी तिला चेंडूचं सांगून टाकलं. तिनं फाईलची दोरी बोटाला घट्ट गुंडाळली.

"म्हणजे थोड्या वेळानं ताई शपथेवर डब्याचं खोटं सांगणार. तुमच्यासाठी."

"हो."

"मग तुम्ही साक्षीला उभे राहा. साक्षीदाराला वकील होता येत नाही, केस माझ्याकडे द्या."

"तुला जमेल?"

"तुमच्याइतकी नाही बिघडवणार."

आमचा पुकारा झाला. मी न्यायाधीशांना सांगितलं, मला इथून तिथे जायचंय, आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे बोट केलं. त्यांना वाटलं, माझी नेहमीची थट्टा. समजावायला पाच मिनिटं लागली. मग शपथ घेऊन मी चेंडू, चष्मा, हात, सगळं ओकलो.

टकल्या उठला. चहाच्या टेबलावर इतका हळू बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"हे का करता तुम्ही?"

"खोटे लोक ओळखायला. आणि खरं सांगायचं तर, गंमत म्हणून."

"या बाई खोट्या आहेत असं वाटलं तुम्हाला?"

ताई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या, हात झोळीत. मला नाही म्हणता आलं असतं.

"झेल घेतला तेव्हा वाटलं."

"वीस वर्षांची ओळख असून?"

"हो."

माझ्या बोलण्यावर हसायची त्या खोलीला सवय आहे. कोणी हसलं नाही. भाचीनं साक्षीला आलेल्या डॉक्टरला एकच विचारलं, धडधाकट खांदा रबरी चेंडू झेलल्यानं फाटतो का. डॉक्टर म्हणाला, नाही, आधी बसनं अर्धा फाडला होता म्हणून. न्यायाधीशांनी लिहून घेतलं आणि निकाल पुढच्या आठवड्यावर ठेवला.

जिन्यावरून मी दोन पायऱ्या पुढे उतरत होतो, परत वर येत होतो. ताईंनी पिशवी माझ्याकडे दिली नाही, डाव्या हातातच ठेवली. खालच्या वळणावर थांबल्या.

"समजा तुमच्यावर दावा लावायचा झाला, तर चांगला वकील कोण?"

मी टकल्याचा नंबर दिला.

त्यांनी तो भाचीकडून कागदावर लिहून घेतला, घडी केली, आणि एकाच गल्लीत जायचं असूनही माझ्यासाठी न थांबता रस्ता ओलांडला.