आग्लायाआत्याचा ठेवणीतला झंपर

मी एक जुना पांढरा सुती झंपर आहे. बाह्यांवर काळी वेलबुट्टी आणि त्या वेलबुट्टीवर डकवलेल्या चंदेरी टिकल्या. मित्रांनो, त्या टिकल्या माझ्या नव्हेत. मला त्यांची अजून शिसारी येते.

रुमानियातल्या एका खेड्यात आग्लायाआत्याने मला दोन हिवाळे बसून शिवलं. तिकडे म्हाताऱ्या बायका आपल्या मरणाचे कपडे हयातीतच शिवून पेटीत ठेवतात. मीही त्यातलाच. नवरा वर वाट बघतोय, त्याच्यापुढे नीटनेटकं जायचं, एवढीच तिची हौस. दर ईस्टरला ती मला ऊन दाखवी, घडीत वाळलेली तुळस ठेवी. त्या पेटीत मी सुखात होतो.

तिची भाची झाम्फिरा राजधानीत गायची. आवाज खणखणीत. परदेशातल्या गाण्याच्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली, तेव्हा पथकाचे प्रमुख प्रेदासाहेब तिचे फोटो काढायला गावी आले. आत्याने डुकराची भाजलेली चरबी आणि आलुबुखाराची दारू पुढे केली. साहेबांनी यथेच्छ हादडलं आणि फोटोसाठी कपडा शोधायला तीच बरबटलेली बोटं सरळ पेटीत घातली. शी! गळ्यावरचा तो डाग काही गेला नाही.

"हाच घालायचा. काळं-पांढरं टीव्हीवर खुलतं."

"अहो साहेब, ते माझ्या मयताचं आहे," आत्या म्हणाली.

"मग तुम्हाला आत्ताच कुठं जायचंय?"

झाम्फिराची मान खाली गेली. "आठवड्यात आणून देते गं आत्या. आहे तस्सा."

त्या स्पर्धेत तिचा तिसरा नंबर आला. परीक्षक माझ्या साधेपणावर भाळले. गावातल्या बायकांनी मात्र टीव्हीपुढे छातीवर क्रूसाची खूण केली. पोरगी मयताचं घालून नाचतेय, असं त्या म्हणाल्या. खरंच होतं ते.

झंपर लाभला म्हणून साहेबांनी मला सोडलंच नाही. पुढे तीन वर्षं, तीन देश. घाम, केसांचा चिकट फवारा, उग्र अत्तर, हॉटेलच्या कपाटात कुणाचे तरी ओले मोजे. साधेपणा जुना झाला म्हणून साहेबांनी टिकल्या डकवल्या. नंबर सातवा, मग अकरावा, मग शेवटचा. आत्याचं दर पत्र एकाच ओळीचं असे: झंपर आण. झाम्फिरा ते वाचून पर्समध्ये ठेवायची.

शेवटच्या नंबरानंतर साहेबांना आमची गरज उरली नाही. आम्ही गावी पोचलो तर आत्या अंथरुणाला खिळलेली. तिने बाहीवरून हात फिरवला.

"हे खरखरीत काय गं?"

"टिकल्या आहेत. काढते मी."

झाम्फिरा दिवसभर नखांनी खरवडत बसली. टिकलीबरोबर वेलबुट्टीचा दोराही निघू लागला.

"राहू दे," आत्या म्हणाली. "हे घालून वर गेले तर तो म्हणेल, सर्कशीतली कोण ही."

गुरुवारी ती गेली. शेजारणीचा नायलॉनचा झंपर घालून तिला पुरलं. त्याच्या बाह्या तिच्या मनगटापर्यंतसुद्धा पोचत नव्हत्या.

मित्रांनो, कुणाचं काही मागून न्याल, तर तो वाट बघतोय तोवरच परत करा.

आता झाम्फिराही म्हातारी झाली. गेल्या महिन्यात तिने मला पेटीच्या तळाशी ठेवलं आणि शेजारणीला सांगितलं, "माझ्या वेळी हाच घाला मला. आत्याला परत द्यायचाय."