हलका चाप

"अहो ताई, चाप यापेक्षा हलका केला तर फुंकरीनंसुद्धा गोळी सुटेल!" पेंटबॉलच्या बंदुका दुरुस्त करणारा कळवळून म्हणाला.

"सुटू दे!" मी खेकसले.

बिचाऱ्याचा काय दोष? डोकं माझंच ठिकाणावर नव्हतं. मनगटाची नस दुखावल्यापासून उजव्या बोटांत जोर नाही, वर ही मेली थरथर. डाव्या हातानं समोरची भिंतही चुकते. आणि कॅप्टननं स्पष्ट सांगितलंय, दुपारी पंचांसमोर नीट गोळ्या झाडल्यास तर टीममध्ये, नाहीतर घरी बस. घरी बसून काय करू? टीम सोडली तर मला दुसरं आहे काय!

चाप ओढला की गोळी सोडणारा बंदुकीतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड दादानं आधी सगळ्यात वेगवान असा उचलून आणला होता. वेग काय चाटायचाय? माझं दुखणं चाप ओढण्याचं. शेवटी भांडून तो परत केला आणि हलक्या चापाचा बोर्ड बसवून घेतला.

दुकानामागच्या भिंतीवर नेम धरून मी एकदाच चाप ओढला. तडातड गोळ्या सुटल्या, भिंत पिवळीधमक.

"वा! याला म्हणतात बंदूक!" दादा टाळ्या पिटायला लागला.

"वा काय, कप्पाळ! एका ओढीला एकच गोळी, असा नियम आहे. बोट थरथरलं की बोर्डाला वाटतंय मी चाप पुन्हा ओढला. पंच उभ्या उभ्या बाहेर काढतील मला." बोलता बोलता मी बाहीनं डोळे पुसले.

"थांबा, रडू नका. थरथर गाळायची सोय असते यात," दुरुस्तीवाला म्हणाला. बारीकसं बटण दाबत त्यानं बोर्डातला आकडा वाढवला. मी ओढून पाहिलं, तरी एकीच्या दोन सुटल्या. त्यानं अजून वाढवला. "आता बारीकसारीक हालचालीकडे ढुंकूनही बघणार नाही हा. बघा."

मी बंदूक उचलली. चापावर बोट थरथरत होतं, पण एकही गोळी सुटली नाही. जिवात जीव आला.

"झालं की काम!" दादा म्हणाला. "आता ओढ."

मी दातओठ खाऊन, होता नव्हता तेवढा जोर लावला. डोळ्यांत पाणी आलं.

"अगं, ओढ ना! कसली वाट बघतेस?"

"ओढलाय, दादा."