पेनल्टी लूपवर प्रतिमा

लेकीचं, चैत्रालीचं, लग्न ठरलं आणि सुहासिनीने प्लेनोहून थोरल्या बहिणीला, प्रतिमाला, वेस्ट विंडसरला फोन केला.

"ताई, तीस डिसेंबर. हॉल मिळाला, भटजी मिळाले. तुम्ही तिघं दोन दिवस आधीच या."

"आम्ही दोघं नक्की येऊ. रीमाचं काही सांगता येत नाही गं. तिची सिलेक्शनची रेस आहे."

"मग रेस पुढे ढकला."

"ती काय मंडळाची कोजागिरी आहे पुढे ढकलायला?"

रीमा प्रतिमाची एकुलती एक लेक. व्हरमाँटच्या कॉलेजात गेली तेव्हा तिने नुसतं स्कीइंग सुरू केलं होतं. वर्षभराने सुट्टीत घरी आली ती पाठीवर रायफल लावून. या खेळाला बायथलॉन म्हणतात हे घरच्यांना तेव्हा कळलं. तिचे बाबा त्र्यंबक औषधांच्या कंपनीत संशोधक होते. भेटेल त्याला ते हौसेने समजावून सांगत, "बर्फातून ऊर फुटेस्तोवर पळायचं आणि तसंच धापा टाकत थांबून सुईत दोरा ओवायचा. तेच फक्त रायफलने." प्रतिमाला आधी धक्काच बसला होता. पण दसऱ्याला रीमा घरी होती, तेव्हा प्रतिमानेच रायफल पाटावर ठेवून तिची यथासांग पूजा केली. पुढे आठवडाभर रीमाच्या कोचला रायफलच्या फटींतून पिवळी पूड का निघते हे कळत नव्हतं.

आता मात्र प्रतिमाला सगळा सीझन तोंडपाठ होता. तिने तो सुहासिनीला फोनवर समजावला. नोव्हेंबरच्या अखेरीला सुरुवात, मार्चमध्ये शेवट. आधी इथल्या इथे लहान रेसेस. डिसेंबरच्या शेवटी, लग्नाच्या चार दिवस आधी, सिलेक्शनच्या दोन रेसेस. पहिल्या चार मुली तिथूनच थेट युरोपला. तिथे दर आठवड्याला नवं गाव, नवी रेस आणि शेवटी ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियनशिप. निवड झाली नाही तर मार्चपर्यंत पुन्हा इथल्याच रेसेस.

सुहासिनी म्हणाली, "म्हणजे हरली तर लग्नाला येईल?"

"तसंच काहीसं."

"मग मी गणपतीला नेमकं काय सांगू?"

"तू गणपतीला काहीही सांगू नकोस," प्रतिमा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

सिलेक्शनला दोघं नवरा-बायको गाडी घेऊन व्हरमाँटला गेली. थंडी अशी की बोललेला शब्द तोंडापुढे पांढरा होऊन दिसे. आयोजकांकडे माणसं कमी होती आणि नुसतं उभं राहून पाय गोठत होते, म्हणून दोघांनी व्हॉलंटियर म्हणून नाव दिलं. त्र्यंबकना केशरी जाकीट मिळालं आणि पार्किंगमध्ये गाड्या लावून घ्यायचं काम. प्रतिमाला पेनल्टी लूप मिळालं.

तिचे जोडीदार होते वॉल्टर नावाचे सत्तरीचे गृहस्थ. त्यांनी काम समजावून दिलं. या रेसमध्ये दोनदा नेमबाजी, दर वेळी पाच गोळ्या. जितके नेम चुकतील तितक्या फेऱ्या या छोट्या रिंगणात मारायच्या. आपल्या फेऱ्या खेळाडूने स्वतः मोजायच्या, आपण फक्त टिपून घ्यायच्या. एक जरी कमी पडली तर वर दोन मिनिटांचा दंड. "आणि खेळाडूशी बोलायचं नाही," वॉल्टरनी बजावलं. प्रतिमाने मान डोलावली. न बोलणं आपल्याला जमेल अशी तिची कल्पना होती.

पहिल्या दिवशी रीमा चौथी आली. दुसऱ्या दिवशी ती याहून जोरात धावत होती. झोपून मारलेले पाचही नेम लागले. लाउडस्पीकरवर तिचं आडनाव 'सॅबनीस' असं घुमलं, तेव्हा 'सबनीस' म्हणा म्हणून सांगायचंही प्रतिमाला भान राहिलं नाही. मग उभ्याने मारायची पाळी आली आणि वारा सुटला. रीमाचे तीन नेम हुकले.

ती रिंगणात आली तेव्हा आणखी चार-पाच मुली गोल गोल फिरत होत्या. रीमाची एक फेरी झाली. दुसरी झाली. आणि ती बाहेर जायच्या वाटेकडे वळली.

नियम, वॉल्टर, थंडी, सगळं विसरून प्रतिमा ओरडली, "रीमा! अजून एक!"

जन्मापासून रीमाने हे शब्द जेवायच्या टेबलावर ऐकले होते. पोळी असो, लाडू असो, की माशाची तुकडी. छाती धपापत असताना, डोकं बधिर झालेलं असताना तिच्या जिभेने परस्पर उत्तर देऊन टाकलं, "नको, आई!" आणि ती निघून गेली.

वॉल्टर चष्म्यावर धरलेलं धुकं पुसत होते. "तिच्या तीन झाल्या ना?" त्यांनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर काहीच झालं नसतं. प्रतिमा म्हणाली, "नाही. दोन."

"नक्की? गर्दी होती. आणि ती तुमचीच मुलगी ना?"

"म्हणून तर नक्की. बाकीच्यांचं मोजताना चुकेन मी. हिच्यावरून माझी नजर हललेली नाही."

प्रकरण ज्यूरीपुढे गेलं. प्रमुख एक करारी चेहऱ्याच्या बाई होत्या. कुणीतरी ओरडलेलं त्यांच्या कानावर आलं होतं. "तुम्ही तिला काय सांगितलंत?"

"वन मोअर."

"ही मदत झाली."

"तिने घेतली नाही," प्रतिमा म्हणाली.

बाईंनी घाईघाईने तोंडावर मफलर ओढला, पण त्यांचे खांदे हलत होते. दोन मिनिटं लागायची ती लागलीच. रीमा एकूण सातवी ठरली.

पार्किंगमध्ये ती आईवर तुटून पडली. "यू टर्न्ड मी इन? तू पकडून दिलंस मला? माझी स्वतःची आई?"

"हो."

"मावशीच्या लग्नासाठी!"

"मावशीचं कसलं लग्न? चैत्रालीचं. आणि त्यासाठीच करायचं असतं तर मी ओरडले कशाला असते?"

रीमाला आत्ता आठवलं. "तो आवाज… मला वाटलं, आय डोंट नो काय वाटलं. मी काय म्हटलं?"

"नको म्हणालीस."

रीमाने कपाळाला हात लावला. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि प्रतिमाने जाकिटासकट, पाठीवरच्या रायफलीसकट तिला जवळ घेतलं. त्र्यंबक केशरी जाकिटात धावत आले आणि म्हणाले, "अगं, इथे मध्ये उभ्या राहू नका, गाडी मागे येतेय."

प्लेनोला रीमा लग्नात हजर होती. चैत्रालीला भाऊ नव्हता, म्हणून कानपिळी तिनेच केली. रोज रायफल पेलणारी बोटं ती. नवरामुलगा "आई गं" म्हणून इतक्या मोठ्याने ओरडला की भटजी मंत्र विसरले. सगळे हसले, पण सुहासिनीला भाची मध्येच एकटी बसलेली दिसली आणि तिला राहवेना. ती शेजारी येऊन हळूच म्हणाली, "रीमा, मी खरंच देवाला सांगितलं होतं गं, तू यावीस म्हणून."

"इट्स ओके, मावशी. काऊंटिंग मीच चुकले," रीमा म्हणाली आणि तिने मावशीच्या हातातला पेढा घेतला.

जानेवारीत वॉल्टरचा फोन आला. उरलेल्या सीझनला प्रतिमा लूपवर येतील का? अशी व्हॉलंटियर त्यांनी आजवर पाहिली नव्हती. प्रतिमाने हो म्हटलं. रीमाने एकच अट घातली, की तिची स्वतःची रेस असेल तेव्हा आईने लूपच्या आसपासही फिरकायचं नाही.

त्यामुळे फेब्रुवारीतल्या एका रविवारी रीमा धावत होती तेव्हा प्रतिमा पार्किंगमध्ये एक भलीमोठी स्कूल बस मागे घ्यायला लावत होती. लाउडस्पीकरवर आवाज आला की सबनीसचे उभ्याने मारलेलेही पाचच्या पाच नेम लागले, ती लूपकडे न वळता थेट पुढे गेली, आणि ती पहिली आहे. प्रतिमाने दोन्ही हात वर केले. ड्रायव्हरला वाटलं, थांबायची खूण. त्याने करकचून ब्रेक दाबला. प्रतिमा तोवर फिनिशकडे पळत सुटली होती, आणि आडवी उभी राहिलेली बस हॉर्नवर हॉर्न वाजवत होती.