मामांचे आठ दिवस

नियम अपेक्षाने दीड वर्षापूर्वीच लिहून ठेवले होते. अमरावती-अकोल्याच्या भाजी पिकवणाऱ्या चारशे शेतकऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप, ॲडमिन ती. ‘विचारणाऱ्याची टिंगल केली तर आठ दिवस बाहेर.’ सगळ्यांनी अंगठे दिले, हात जोडले, आणि पुन्हा एकमेकांवर तुटून पडले. वाचतो कोण!

मग चांदूर रेल्वेच्या सुभद्राने माना टाकलेल्या वांग्यांचा फोटो टाकला. तिचं पहिलंच पीक. किसनरावांनी लिहिलं, "पानी किती द्यावं ते समजत नाही अन् निघाली वांगे लावाले! घरी पोया लाट, बाई." साठ जण खदखदून हसले. सुभद्रा ग्रुप सोडून गेली.

किसनराव म्हणजे अपेक्षाचे सख्खे मामा. पिकाचा रोग ओळखावा तर त्यांनीच; तिला शेतीतलं सगळं शिकवलंही त्यांनीच. त्यांना काढायचं? तिने सुभद्राला फोन लावला.

"ताई, ते सगळ्यांशीच तसे बोलतात."

"बोलत असतीन. मले रडू आलं."

फोन ठेवून तिने मामांना काढलं.

लगेच मामांचा फोन. "कावून काढलं वं मले? आपल्याकडे असंच बोलतेत. प्रेमानं बोललो मी."

"प्रेम तुमचं मामा, पन लागलं तिले."

फोन कट. दर रविवारी तिच्याकडे चहाला थांबणारे मामा त्या रविवारी दारावरून सरळ निघून गेले. अपेक्षाला जेवण गेलं नाही. मामांना काढलं म्हणून ग्रुपमधून तीस जण गेले. रोगट पानांचे अकरा फोटो आले, उत्तर एकालाही नाही.

नवव्या दिवशी तिने मामांना परत घेतलं. संध्याकाळी परतवाड्याच्या योगेशने कुणाच्या तरी टमाट्यांची खिल्ली उडवली. अपेक्षा फोन उचलते तोच मामांचा मेसेज आला.

"योगेश, मी आठ दिवस बाहेर बसलो. आता तू बस. अपेक्षा, काढ याले."

कुणी हसलं नाही. "जातो मामा," म्हणून योगेश आपणच बाहेर पडला. मामांनी पुढे लिहिलं, "सुभद्राबाईले परत घे. तो फोटो मी आज नीट पाह्यला. पानी नोयतं चुकलं तिचं. मर रोग होता. मी न पाह्यताच बोललो."

अपेक्षाने फोन करून सुभद्राला मामांचा मेसेज वाचून दाखवला, तिला विचारलं आणि ग्रुपमध्ये घेतलं. थोड्या वेळाने सुभद्राने लिहिलं, "झाडं गेली सारी, मामा. काल उपटली. पुढच्या साली लावीन तवा विचारू का?"

मामा बराच वेळ टाइप करत राहिले. मग एवढंच आलं, "विचारजा, बाई."