बेड्यांसकट वजन

चौकशी आयोगाच्या खोलीत शिरण्याआधी मेहुण्याने कंपाउंडरला जिन्यात गाठलं. मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, आणि युद्धाच्या काळात स्थानबद्धांच्या छावणीचा प्रमुख. कंपाउंडर तिथल्याच दवाखान्यात होता.

"जावईबापू, वजनाच्या वहीत अक्षर तुमचं आहे. बुडालो तर जोडीनेच."

"पोहायला तुम्हीच शिकवलं होतंत," कंपाउंडर म्हणाला. दोघांपैकी कोणीच हसलं नाही.

आत सरकारी वकिलाने वही उघडली. "छावणीत अकरा जण तापाने गेले. लोक म्हणतात, उपासमार झाली. पण सहा महिन्यांत एकाचंही वजन अर्ध्या किलोनेसुद्धा घटलेलं नाही. आकडे खरे आहेत?"

"खरे आहेत. काट्यावर दिसले तेच लिहिले."

मागच्या बाकावर एक शिंपीण बसली होती. तिचा नवरा त्या अकरांतला. तिने मान खाली घातली. वकील वही मिटू लागला. एवढ्यावर गप्प बसलं की सुटका होती. कंपाउंडरची, मेहुण्याची आणि सरकारचीही.

"साहेब, काट्यावर नुसता माणूस नसायचा," तो म्हणाला. "बेड्या काढण्यात वेळ जातो, म्हणून बेड्यांसकट वजन करायची पद्धत होती. थंडीत शिधा निम्मा झाला. माणसं वाळत गेली, तशा बेड्या बदलत गेल्या. आधी दोन किलोच्या, मग सहाच्या, शेवटी दोन-दोन जोड. आकडा जागचा हलला नाही."

वकिलाने आवाज मऊ केला. "पहारेकऱ्यांनी परस्पर बदलल्या असतील. तुम्हाला तेव्हा कल्पना नव्हती, असंच ना?"

मेहुणा मागून खाकरला.

"होती. कुणाला किती जड बेडी, ती चिठ्ठी मीच द्यायचो. वजाबाकी माझी. हुकूम छावणीप्रमुखांचा. आणि त्यांना मंत्रालयातून तार आली होती, वजनं घटता कामा नयेत. ती मी वाचली आहे."

"गद्दार!" मेहुणा ओरडला.

आयोगाच्या अध्यक्षांनी हात वर केला. "कंपाउंडर, यापुढे बोलाल ते तुमच्याच विरुद्ध वापरलं जाईल. वकील हवा असेल तर थांबू."

"नको. विचारा."

प्रश्न मागून आला. शिंपीण उभी राहिली होती आणि तिला कोणी खाली बसवलं नाही. तिने नवऱ्याचा क्रमांक सांगितला. "शेवटी त्यांच्या पायांत किती होतं?"

"बारा किलो, बाई."

"आणि त्यांचं स्वतःचं?"

कंपाउंडरला वही लागली नाही. "एक्केचाळीस."