खिळ्यावरचे ग्लोव्हज

बॉक्सिंगच्या क्लबाच्या दारातून आत आलं की डाव्या हाताला भिंतीत एक खिळा होता. बोटाएवढा जाड, गंजलेला, पक्का रुतलेला. नवीन आलेली पोरं त्याला टोपी अडकवायला जायची आणि जुनी पोरं त्यांचा हात वरच्यावर धरायची. तो खिळा म्हातारीचा होता. सरावात कुणाच्या डोक्याला मार बसला, कुणाला भोवळ आली, की त्याचे ग्लोव्हज म्हातारी स्वतःच्या हाताने त्या खिळ्याला अडकवायची. महिनाभर त्यांना कुणी शिवायचं नाही. महिना भरला की तिच्यासमोर बसून सुईत दोरा ओवून दाखवायचा, मगच ग्लोव्हज परत. कोचचं तिथे काही चालायचं नाही. कोच तिचाच लेक होता, म्हणून तर मुळीच चालायचं नाही.

खिळा ठोकला होता तिच्या नवऱ्याने. तो गवंडी. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यातला एक हॉल त्याने नगरपालिकेकडून मागून घेतला, सुट्टीच्या दिवशी चार मित्र गोळा करून भिंतींची भोकं बुजवली, दोर ताणून रिंग केली आणि गल्लीत मारामाऱ्या करणाऱ्या पोरांना सांगितलं, मारायचंच आहे ना, मग इथे येऊन नियमाने मारा. पगार कुणालाच नव्हता. रंगारी दिवसभर भिंती रंगवून आला की पोरांना दोरीच्या उड्या शिकवायचा, बसचा ड्रायव्हर त्यांना स्पर्धेला घेऊन जायचा, आणि म्हातारी, तेव्हा ती म्हातारी नव्हती, फाटके ग्लोव्हज शिवायची, हाताच्या पट्ट्या धुवायची आणि शिव्या द्यायची. बाकीची कामं ती कधीमधी दुसऱ्यावर टाकी. शिव्यांचं काम तिने कुणाला दिलं नाही.

मग शिंप्याच्या पोराचं झालं. एका सरावात तो पडला, उठला, हसला. पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरला आणि त्याला एक साधाच ठोसा लागला, माशी हाकलावी तेवढा. तेव्हापासून तो खिडकीशी बसून आहे. आई भरवते तेव्हा तोंड उघडतो. भेटायला गेलेल्या म्हातारीला शिंपी म्हणाला होता, त्या आठवड्यात पोराला सुईत दोरा ओवता येत नव्हता, मला वाटलं कामचुकारपणा करतोय, म्हणून मी कानफटात दिली. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी खिळा ठोकला. सुईचं म्हातारीने ठरवलं. पुढे नवरा गेला, शिंपी गेला, खिळा राहिला.

आणि त्या खिळ्याचा तिला भारी ताठा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असलं माझ्याकडे चालत नाही, हे ती येताजाता ऐकवायची. पुलापलीकडे दुसरा क्लब होता. तिथल्या कोचच्या तोंडात सदा शिट्टी, म्हणून त्याचं नावच शिट्टी पडलेलं. त्याच्या क्लबाला ती कोंबड्यांची झुंज म्हणायची. तिथे खिळा नव्हता ना.

त्या वर्षी पालिकेच्या साहेबाने लेकाला बोलावून सांगितलं की हॉल कोठारासाठी हवाय. क्लब खरंच चालतोय हे दाखवायचं असेल तर जिल्ह्याच्या स्पर्धेत पुरा संघ उतरवा, नाहीतर किल्ली आणून द्या. पुरा संघ म्हणजे सात जण. क्लबात स्पर्धेजोगे बरोब्बर सातच होते आणि त्यातली सातवी म्हातारीची नात. कोचची आईवेगळी पोर, म्हातारीच्या हाताखाली वाढलेली. सगळे तिला ठिणगी म्हणायचे. जीभही आजीची घेतली होती आणि ताठाही.

तिच्या वजनाची दुसरी मुलगी क्लबात नव्हती, म्हणून सरावाला एक मुलगा दिला. म्हातारी बाकावर बसून ग्लोव्ह शिवत होती. ठोसा तिने पाहिला नाही, आवाज ऐकला. मान वर केली तर ठिणगी दोराला टेकून बसलेली. ती बापाला म्हणाली, कितवा राउंड? बापाने सांगितलं, दुसरा. ती उठली, हात वर घेतले आणि पुन्हा विचारलं, कितवा राउंड?

म्हातारीने सुई ग्लोव्हमध्ये तशीच टोचली आणि उठली. नातीच्या ग्लोव्हजच्या नाड्या स्वतः सोडल्या, दाराशी गेली आणि ते खिळ्याला अडकवले. स्पर्धा पंधरवड्यावर होती, आणि खिळा महिन्याचा होता.

लेक त्या दिवशी काहीच बोलला नाही. म्हातारीला वाटलं, सुंभ जळला, पीळही गेला एकदाचा. दोन दिवस ती पोरांना ऐकवत होती की बघा, घरच्यांनाही सोडत नाही मी. येताजाता खिळ्याकडे बघायची. ग्लोव्हज जागच्या जागी होते. पोर कुठे आहे, हे मात्र तिने बघितलं नाही.

ते तिला धुण्याच्या बादलीने सांगितलं. क्लबाच्या पट्ट्या ती घरी आणून धुवायची. घामाने ओल्या पट्ट्या एकेक उलगडून पाण्यात टाकताना एका जोडीच्या टोकाला हिरव्या दोऱ्याची शिवण लागली. ती शिवण तिनेच घातली होती, नातीची पट्टी ओळखू यावी म्हणून. पट्टी ताज्या घामाने चिंब होती.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर घरातल्यांना बरं वाटलं असतं. तिने हात पुसले, सुई आणि दोरा घेतला आणि नातीला हाक मारली, मला दिसत नाही गं, ओवून दे. ठिणगीने दोरा धरला. पहिल्यांदा तो सुईच्या शेजारून गेला. दुसऱ्यांदाही शेजारूनच, त्याच बाजूने. ठिणगी हसून म्हणाली, दोराच जाडा आणलायस, आणि टोक ओलं करून तिसऱ्यांदा कसाबसा घातला. दोरा रोजचाच होता.

संध्याकाळी चुलीपाशी मायलेकांचं वाजलं. लेकाने काही लपवलं नाही. सकाळी हॉल उघडतो, दुसरे ग्लोव्हज देतो, कुणी तिच्या डोक्याला हात लावत नाही, नुसती पायांची हालचाल करून घेतो, म्हणाला. स्पर्धेतही तिने लढायचं नाही. रिंगमध्ये उतरायचं, घंटा वाजली की मी टॉवेल टाकतो, म्हणजे हार कबूल. संघ पुरा झाला, हॉल वाचला, पोरगीही वाचली.

"आणि घंटा आणि टॉवेलाच्या मध्ये?" म्हातारी म्हणाली.

"आई, एक श्वास जाईल मध्ये."

"एका श्वासात काय होतं ते शिंप्याच्या बायकोला विचारून ये. अजून भरवते ती."

लेक म्हणाला, बाबांच्या हाताचं प्लास्टर आहे त्या भिंतींवर. उद्या तिथे पोती रचतील. क्लबातली पोरं कुठे जातील, पुन्हा गल्लीतच ना? तुझा एक खिळा सांभाळायला ती सगळी रस्त्यावर टाकायची का? जन्मात पहिल्यांदा म्हातारीची जीभ टाळ्याला चिकटली. ती गप्प बसली, आणि लेकाने त्या गप्प बसण्याला हो समजलं. ती स्वतःही स्पर्धेच्या दिवसापर्यंत तसंच समजत होती. दोनदा तिने खिळ्यावरच्या ग्लोव्हजना हात लावला आणि दोनदा काढून घेतला.

स्पर्धेच्या सकाळी बसच्या ड्रायव्हरने सगळ्यांना मैदानावर पोचवलं. म्हातारी टॉवेलांची पिशवी घेऊन आली होती, नेहमीसारखी. आधी वजन, मग डॉक्टर. डॉक्टरीणबाईही फुकटच यायच्या, त्यांच्या सहीशिवाय कुणी रिंगमध्ये पाय ठेवू शकत नव्हतं. ठिणगीची पाळी आली. बाईंनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली, मान फिरवायला लावली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, गेल्या महिन्यात डोक्याला मार?

ठिणगी म्हणाली, नाही. बाईंनी कोचकडे पाहिलं. तो म्हणाला, नाही.

तो नाही इतका सहज आला की म्हातारीला आपल्याच पोटचा पोरगा परका वाटला. रांगेत मागे क्लबाची बाकीची सहा पोरं उभी होती, रंगारी होता, ड्रायव्हर होता. सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे जमिनीकडे बघत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातात तशी तोंडं.

"पडलीय ती," म्हातारी म्हणाली. "पंधरा दिवस झाले. सुईत दोरा जात नाही तिला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. लेकाने डोळे मिटून घेतले. ठिणगी वळली आणि आजीकडे अशी बघत राहिली, जणू हा ठोसाच तिने येताना पाहिला नव्हता.

पुढचं भराभरा झालं. ठिणगीला काढलं. खोटं सांगितलं म्हणून लेकाला वर्षभर कुठल्याच संघाबरोबर यायची बंदी झाली. संघ सहाचा राहिला, आणि सहाचा संघ साहेबाला चालणार नव्हता. बाईंनी ठिणगीला मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तिथे डोक्याचा फोटो काढला. फोटो स्वच्छ निघाला. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, फोटोत सगळंच दिसतं असं नाही, विश्रांती घ्या. पण स्वच्छ एवढा शब्द सगळ्यांनी घरी नेला, बाकीचं वाक्य कुणी नेलं नाही. पोरीला काही झालं नव्हतं, म्हातारीने उगाच क्लब बुडवला, हे ती दुकानात, नळावर, स्वतःच्या दारात ऐकत होती. ज्या तोंडांना तिने वर्षानुवर्षं सुनावलं, ती आता व्याजासकट परत करत होती.

लेक एकच बोलला. "आई, बाबांनी उभं केलं, तू पाडलंस." त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतंही बोलेना. ताट ठेवलं तर जेवायचा, नाही ठेवलं तर उठून जायचा.

हॉल रिकामा करायच्या दिवशी रंगारी आणि ड्रायव्हर आले, दोर सोडले, ठोशांच्या बॅगा खाली उतरवल्या. पोरं आधीच पुलापलीकडे शिट्टीकडे जायला लागली होती. म्हातारी बाकावर बसून राहिली. खिळ्यावर ग्लोव्हज होते, आणि महिना आज भरत होता.

ठिणगी आली ती दारातच उभी राहिली. महिनाभर तिने आजीशी शब्द टाकला नव्हता. आताही टाकला नाही, नुसता हात पुढे केला. म्हातारीने त्यावर सुई आणि दोरा ठेवला.

ठिणगी उजेडाकडे वळली, सुई डोळ्यांसमोर धरली, आणि दोरा पहिल्या झटक्यात ओवला. मग सुई आजीपुढे नाचवली. "झालं समाधान? आण ते इकडे."

म्हातारी उठली नाही. म्हणाली, "डावा डोळा मिटून ओवलास."

"ओवला ना? दोन्ही उघडे ठेव असं कुठे म्हणतेस तू?"

"दोन्ही उघडे ठेवून ओव."

ठिणगीने सुई बघितली, आजीला बघितलं. मग सुई बाकावर टाकली. म्हणाली, ठेव तुझे ग्लोव्हज, लोणचं घाल त्यांचं. शिट्टीकडे ढीग पडलेत. आणि गेली. रंगारी दोराची गुंडाळी करत होता, त्याने मान वर केली नाही.

बाकावर सुई पडली होती, दोरा ओवलेली. बसल्या जागी शिवायला आता काही नव्हतं. मग म्हातारीने रंगाऱ्याकडून हातोडी मागितली आणि खिळा उपटायला लागली. नवऱ्याने ठोकलेला तो, सुखासुखी येईना. आला तेव्हा मुठीएवढं प्लास्टर घेऊन आला. तिने खिळा, हातोडी आणि ग्लोव्हज पिशवीत घातले.

पूल तिने जन्मात चालत ओलांडला नव्हता. शिट्टीचा क्लब म्हणजे पत्र्याची शेड. आत तिच्याच क्लबातली पोरं उड्या मारत होती. तिला पाहून त्यांच्या दोऱ्या थांबल्या. ठिणगी कोपऱ्यात बॅगेवर ठोसे मारत होती, परक्या ग्लोव्हजनी. तिने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

शिट्टी पुढे आला, शिट्टी तोंडातून काढली. एके काळी तो तिच्या नवऱ्याचा मित्र होता. "वहिनी, इथे? कोंबड्यांची झुंज बघायला?"

ती हे सोसायलाच आली होती. सोसलं. म्हणाली, "मला तुमच्या भिंतीत खिळा ठोकू द्या. पोरीला एकाचे दोन दिसतात."

शिट्टीने पत्र्यावर बोटाने टकटक केलं. "ह्यात खिळा टिकायचा नाही, वहिनी. आणि दवाखान्याने तर सोडलंय तिला. तुमच्या शब्दावर मी पोरं बसवायला लागलो तर उद्या माझा संघही सहाचाच होईल."

"तिच्याकडे बघा," म्हातारी म्हणाली. "माझ्याकडे नको."

दोघं बघत राहिले. बॅग झुलत होती. ठिणगीने डावा मारला, उजवा मारला, पुन्हा डावा मारला, आणि तो बॅगेच्या शेजारून गेला. ती तोल जाऊन पुढे आली, सावरली. मग पुन्हा मारला. पुन्हा शेजारून, त्याच बाजूने.

शिट्टी हातातल्या शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिला, मग सोडली. ठिणगीपाशी गेला आणि तिच्या ग्लोव्हजच्या नाड्या सोडायला लागला. ती हात ओढत होती, तो सोडत होता. सगळी शेड बघत होती. ग्लोव्हज हातात घेऊन तो परत आला, ठेवायला इकडेतिकडे पाहिलं, आणि जागा नव्हती म्हणून म्हातारीच्या हातात दिले.

ठिणगी मागून आली. डावा डोळा अर्धा मिटलेला, चेहरा पांढरा.

"आजी, तू मला मेलीस."

म्हातारी कडेच्या बाकावर बसली आणि सरकून जागा केली.

"मेले तर मेले," ती म्हणाली. "बस इथे. पाणी पी."

ठिणगी बसली नाही. पण गेलीही नाही.