कडी वाजवायचं गाणं

मित्रांनो, सोनाजींच्या बँडगाडीवर तोंड वासून बसलेला जुना भोंगा तो मीच. माझ्या कडेला पोचे आले आहेत, रंग कधीच उडाला आहे, पण आवाज विचाराल तर आजही खणखणीत. नव्या डीजेच्या खोक्यांनी माझ्यापुढं मिरवू नये. त्यांचा नुसता धडधडाट असतो. शब्द न शब्द ऐकू जायला हवा असेल, तर तिथं मीच लागतो. आणि हाच माझा गुण एकदा मला फार महागात पडला. तेच तर सांगायचं आहे.

माझा जन्म एका कारखान्यातला. पातळ पत्रा दाबून, वळवून माझं तोंड घडवलं. पुढं हिंगोलीच्या एका दुकानात मी धूळ खात टांगलेला होतो. तिथून सोनाजींनी मला घरी आणलं. कनेरगाव नाक्याच्या अलीकडं त्यांचं खेडं. घरी शेती, आणि लग्नसराई आली की बँड. ते क्लॅरिनेट वाजवायचे, त्यांचा मुलगा स्वप्निल माइक घेऊन गायचा आणि मी ते साऱ्या शिवारात पोचवायचो. लोक म्हणायचे, सोनाजीचा बँड आला की मेलेला माणूससुद्धा पाय हलवील. ऐकून माझी छाती फुगायची, म्हणजे भोंग्याला जेवढी असते तेवढी.

आमचं नाव झालं ते एका गाण्यामुळं. सोनाजींनी ते स्वतः जुळवलं होतं. त्याचं धृपद असं:

तांडा आला गावाला,
कड्या लावा दाराला!

ठेका असा झकास, की थांबणं कठीण. आणि त्यात एक गंमत रुजली होती. मिरवणूक गल्लीतून जाताना धृपद आलं, की दारादारातल्या बाया आपापल्या दाराची कडी ठेक्यात वाजवायच्या. खळ्ळ खळ्ळ, खळ्ळ खळ्ळ! सगळ्यात जोरात कडी वाजायची ती सोनाजींच्या बायकोची, मंजुळाबाईंची. आपल्या नवऱ्याचं गाणं म्हणून त्यांना भारी अभिमान.

गावाबाहेर ओढ्यापलीकडं तांडा आहे. तिथले लोक पूर्वी बैलांच्या पाठीवर माल वाहायचे, आता शेती करतात. त्या तांड्यावरच्या वसरामभाऊंची लेक दिपा. अकरावीत शिकणारी ही पोरगी आमच्या बँडवर जीव टाकायची. कुठंही आमची गाडी दिसली की ती हजर. कडीचं गाणं तर तिला तोंडपाठ होतं. कडी नसली तर ती ताटलीवर चमचा वाजवायची.

तिच्या भावाचं, विकासचं लग्न ठरलं, तेव्हा तिनं हट्टानं आमचाच बँड ठरवायला लावला. सुपारी घ्यायला सोनाजी गाडी घेऊनच तांड्यावर गेले होते, म्हणून पुढचं बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलं.

वसरामभाऊ म्हणाले, "सोनाजी, समदं वाजवा. पण ते कडीचं नको."

"काहून नको, बा?" दिपा मधेच बोलली. "त्याच्यासाठीच तर बँड सांगून राहिलो!"

"पोरी, गावात कोंबडी जरी हरवली, तरी पोलीस पयले तांड्यावर यायचे. माझ्या बापाला मारत नेलेलं मी बघितलंय. आपल्याला चोर म्हणणारं गाणं हाय ते."

"ते जुनं झालं, बा. आता कोण म्हणतं तसं? मजाक हाय ती. आमी समद्या पोरी नाचतो त्याच्यावर."

सोनाजी हसून म्हणाले, "वाईट मनानं न्हाई केलं भाऊ मी ते."

वसरामभाऊ लेकीकडं बघत राहिले. तिचा चेहरा पडला होता. शेवटी ते म्हणाले, "तुझी हौस असंल तर वाजू दे." आणि बैल सोडायला निघून गेले. बैल तर तेव्हा बांधलेलेच नव्हते.

लग्नाचा दिवस आला. आमच्याकडं लग्न लागण्याआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात, त्याला परण्या म्हणतात. मारुती गावात, म्हणून तांड्याचा परण्या ओढा ओलांडून गावच्या गल्लीत शिरला. मी गाडीवर मागं तोंड करून बसलेलो. माझ्यासमोर दिपा नाचत होती, तिच्यामागं घोड्यावर विकास आणि त्याच्यामागं सारा तांडा, म्हातारीकोतारी, कडेवरची लेकरं.

स्वप्निलनं कडीचं गाणं धरलं. मीही जीव ओतला. तांडा आला गावाला, कड्या लावा दाराला! नवरदेव बघायला दारात आलेल्या बाया नेहमीच्या सवयीनं मागं सरल्या आणि कड्या वाजवू लागल्या. काहींनी हसतहसत दारंही ओढून घेतली.

मित्रांनो, हे गाणं शंभर मिरवणुकांत वाजलं असेल, पण आजवर खरा तांडा त्या गल्लीतून कधी चाललाच नव्हता. मला दिपाचा चेहरा दिसत होता. नाचता नाचता तिनं डावीकडच्या दाराकडं पाहिलं, मग उजवीकडच्या. मग मागं वळून बापाकडं पाहिलं. वसरामभाऊ मान खाली घालून चालत होते. तिचे पाय थांबले. दुसऱ्याच क्षणी ती धावत आली आणि तिनं माझी वायर उपटली.

माझा आवाज गेला. वाजवणारे एकेक करत थांबले. पण कड्या थांबल्या नाहीत. हातांना सवय झालेली ना! खळ्ळ खळ्ळ, खळ्ळ खळ्ळ. गाण्याशिवाय तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, आणि मला लाज वाटली. तो दार लावून घेण्याचाच आवाज होता. सगळ्या गल्लीला तो कळला. मग कड्याही गप्प झाल्या.

विकासनं घोड्यावरून उडी मारली. तांड्यावरच्या एका पोराच्या हातात दगड आला. इकडून गावातली चार पोरं पुढं सरकली. वसरामभाऊ शांतपणे म्हणाले, "घोडं फिरवा."

परण्या अर्ध्यातून फिरणं म्हणजे मोठा अपशकुन. आणि तो फिरला असता, तर तांडा पुन्हा त्या गल्लीत आला नसता.

"अरे, मजाक हाय!" स्वप्निल ओरडला. "ही दिपाच म्हणत होती ना वाजवा म्हणून!"

सगळे दिपाकडं पाहू लागले. ती म्हणाली, "व्हय, मीच म्हणले होते. तवा मी नुसती नाचत होते. आज समदी दारं माझ्या घरच्यांच्या तोंडावर लागून राहिलीत."

मंजुळाबाई दारातूनच म्हणाल्या, "पोरी, आमी काय तुमच्यासाठी वाजवतो व्हय? दर लग्नात वाजवतो."

"मंग मावशी, कुणासाठी वाजवता?"

मंजुळाबाईंनी कडीकडं पाहिलं. त्यांचा हात अजून कडीवरच होता.

सोनाजी क्लॅरिनेट घेऊन मध्ये उभे होते. ते म्हणाले, "वसरामभाऊ, शब्द माझे हायेत. सगळ्यात जोरात वाजलं ते दार बी माझंच हाय. हे गाणं माझ्या बँडात आता वाजणार न्हाई. घोडं फिरवू नका, हात जोडतो."

"बाबा, त्याच्याच जिवावर आपल्याला सुपाऱ्या मिळून राहिल्यात!" स्वप्निल म्हणाला.  सोनाजी घोड्याच्या पुढं जाऊन उभे राहिले आणि एकटेच वाजवू लागले.

वसरामभाऊंनी मान वर केली. मग ते दिपाला म्हणाले, "चाल." विकास घोड्यावर बसला. दगड खाली पडला. मंजुळाबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या, त्यांनी घोड्याच्या पायांवर पाणी घातलं, पण मान वर केली नाही. दोन दारं मात्र बंद ती बंदच राहिली. दिपा माझ्या अगदी शेजारून गेली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. इतकं वाईट मला कारखान्यात पत्रा दाबतानाही वाटलं नव्हतं.

पुढं स्वप्निलनं वेगळा डीजे काढला. तो ते गाणं अजून वाजवतो, असं ऐकतो. आम्हाला सुपाऱ्या कमी झाल्या आणि मी बहुतेक गोठ्यात पडून असतो.

परवा दिपा नाक्यावर सोनाजींना भेटली. मी गाडीवर होतो. ती म्हणाली, "काका, अजूनबी भाकरी थापताना ते गाणं आपोआप तोंडात येतं. बा समोर बसलेला असतो. मंग मी गप होते."



मित्रांनो, मी पत्र्याचा. माझ्या तोंडात जे घालाल तेच मी ओरडणार, मला निवड नाही. तुम्हाला आहे. गाणं आवडलं तर खुशाल नाचा, पण ते ज्यांच्यावर रचलंय त्यांच्या शेजारी उभं राहून आधी एकदा ऐका. एकदा ते पाठ झालं, की दिपासारखं बापासमोर गप व्हावं लागतं.